आधी पोट, मग पाठ

सीडीवर नाव टाकायला सगळं घाटंजी मार्कर वापरायचं. आमचे काका लेझर वापरायचे. या एका गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढा एखाद्या बापाला पोराच्या डॉक्टरकीचाही नसेल.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाजार ओळीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर व्हिडिओ शूटिंग, सीडी, झेरॉक्स, टायपिंग असं एकाखाली एक लिहिलेलं. त्यातलं टायपिंग म्हणजे मी. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले, घरी बसून काय करायचं म्हणून तिथे लागले, आणि लग्न ठरेपर्यंत तिथेच राहिले. लग्नपत्रिका, निवेदनं, अर्ज, सगळं माझ्याकडे. प्लायवूडच्या पडद्यापलीकडे काका आणि त्यांचं मशीन. तिकडे चहा द्यायला गेलं तरी पाय आपटायचा नाही, कप ठेवताना वाजवायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. मशीन म्हणजे नागपूरहून आणलेला एक ड्राइव्ह. दिसायला चारचौघांसारखाच. पण त्याला खास सीडी लागायची, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने गुळाच्या रंगाची. आधी चकचकीत बाजूवर लग्न भरायचं. मग सीडी काढायची, उपडी करून पुन्हा आत सरकवायची, की तोच लेझर गुळाच्या रंगावर नाव आणि फोटो भाजून द्यायचा. शाई नाही, कागद नाही.

"आधी पोट, मंग पाठ," काका म्हणायचे. पोट म्हणजे आतला माल, पाठ म्हणजे वरचं नाव. हे वाक्य त्यांनी सगळ्यांनाच लावलं होतं. कुणी दुकानात येऊन घरच्यांची खुशाली, पाऊसपाणी असं लांबण लावू लागला की काका हात वर करायचे, "भाऊ, आधी पोट सांगा. पाठ मंग पाहू." माणूस बिचारा गडबडून एकदम कामाचं बोलायचा.

स्टिकरवर त्यांचा विशेष राग. "मे महिन्यात इथं मानसाची कातडी सुटते, स्टिकर काय टिकन?" समोरच्या दुकानातून कुणी स्टिकरवाली सीडी नेली आणि ती प्लेअरमध्ये अडकली, की ती बातमी काकांना कशी कळायची देव जाणे, त्या दिवशी ते माझ्यासाठी चहाबरोबर भजीसुद्धा मागवायचे.

नाव भाजायला चांगला अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ काका ड्राइव्हवर तळहात ठेवून बसायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. सीडीला बोटं लागू देत नसत. मधल्या भोकात तर्जनी घालून उचलायचे आणि कित्येकदा ती तशीच बोटात ठेवून विड्याला बाहेर जायचे. अख्ख्या बाजारातून अंगठीसारखी सीडी मिरवत चाललेला माणूस. लोक हसायचे. काकांना वाटायचं, कौतुकानं बघतायत.

त्या काळात लाईट दिवसातून कितीदा जायची हे मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. सगळ्यांनी इन्व्हर्टर घेतले, काकांनी नाही घेतला. इन्व्हर्टरचा करंट कच्चा असतो, त्यानं लेझर थरथरतो, असं त्यांचं मत. कुठून आलं हे मत, कुणाला ठाऊक. मी एकदा म्हटलं, "काका, करंट काय कच्चा आणि पक्का?" तर म्हणाले, "दूध पाह्यलं का तू? तसंच."

आता हे चित्र आतून बाहेर यायचं. मधल्या भोकापाशी सुरू होऊन गोल गोल करत कडेपर्यंत. नावं भोकाला वळसा घालून लिहिलेली असायची, म्हणून अक्षरं पायाकडून उगवायची. आधी पाय, मग कंबर, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी. बाभुळगावच्या एका लग्नाच्या सीडीत नेमकी शिरोरेघेआधी लाईट गेली. काकांनी टाचणी खुपसून सीडी बाहेर काढली, टेबलावर ठेवली, वैतागून पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात नवरीचे मामा दुकानात आले. त्यांनी सीडी हातात घेतली, डोळे बारीक केले, बाहेर उजेडात नेऊन पाहिली.

"काय हो, हे गुजरातीत काहून लिहिलं?"

काका शांतपणे म्हणाले, "पोरगी गुजरातेत देली ना तुमी?"

"नाही जी, बाभुळगावात देली."

"मंग थांबा. लाईट आली का मराठी करून देतो."

आणि खरंच करून दिलं. त्या मशीनची ही खुबी होती. तीच सीडी पुन्हा घातली की त्याला आपली जागा बरोबर सापडायची, केसभरही सरकायचं नाही. काकांनी मामांच्या देखत शिरोरेघ काढून दिली आणि वर सांगितलं, "भाजलेलं पुसता नाही येत. पन भर घालता येते." मामा मान डोलवत गेले. मीही तेव्हा ते वाक्य सोडून दिलं. काका दिवसाला अशी दहा वाक्यं बोलायचे.

पार बिघडलेल्या सीड्या काकू शेतात न्यायच्या. तुरीवर पाखरं बसू नयेत म्हणून दोऱ्याला बांधून लटकवायच्या. त्यांच्या शेतावर गेलं की उन्हात अर्धे अर्धे नवरदेव गरगर फिरताना दिसायचे.

त्या गुजराती प्रकरणानंतर काकांनी नियमच केला, महत्त्वाचं ते भोकाजवळ. म्हणजे मध्येच लाईट गेली तरी निदान नाव आलेलं असेल. पण भोकाजवळ जागा ती केवढी? म्हणून आडनाव पूर्ण आणि नावाचं पहिलं अक्षर. सु. गेडाम. र. राठोड. मी कुरकुर केली, "काका, नवरीचं पूर्ण नाव नको का?" तर म्हणाले, "तिच्या नवऱ्याले ठाऊक हाये." पत्रिकांमधल्या चुका मी काढायची, सीडीवरच्या कुणी काढायच्या नाहीत, असा कारभार.

काकांचा आणखी एक नियम होता आणि त्याच्यावर मात्र मी कधी हसले नाही. कापसाची ती वाईट वर्षं. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि कशासाठी यायचं ते सांगायला नको. बाहेरून कॅमेरे घेऊन माणसं यायची, एखाद्या घरी जाऊन शूटिंग करायची आणि कॉपी काढायला आमच्या दुकानात थांबायची. काका कॉपी काढून द्यायचे. पण पाठ कोरी. कितीही पैसे देतो म्हटलं तरी कोरी.

"माह्या मशिनीवर कै. चालत नाही," ते म्हणायचे. "चि. सांगा, सौ. सांगा, रातभर बसून भाजून देतो. कै. नाही."

त्या वर्षांत तो एक अक्षराचा शब्द पत्रिकेत टाइप करतानाही माझी बोटं अडखळायची. म्हणून त्यांचा हा हट्ट मला मनापासून आवडायचा. आणि म्हणूनच पुढे जे झालं ते इतकं लागलं. घाबरू नका, शेवट चांगलाच आहे. वाईट असता तर मी सांगायलाच बसले नसते.

पंचफुलाबाई पहिल्यांदा आल्या त्या बाजाराच्या दिवशी. जवळच्याच एका खेड्यातल्या, मजुरीला जाणाऱ्या, साठीच्या आसपासच्या बाई. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"भाऊ, याच्यात माह्या पोराचा आवाज हाये. कैलास मेश्राम. भीमगीतं म्हनते. टेपानं एक डाव फीत खाल्ली, पुन्हा खाल्ली त मी कोठून आनू? सीडी करून देता काय?"

"आधी पोट," काका खूश होऊन म्हणाले, "मंग पाठ. फोटो आनला?"

गायन पार्टीचा एक फोटो होता. त्यात पेटीवर बसलेला, मान जरा वाकडी करून गाणारा कैलास. काकांनी कॅसेट लावली. आवाज असा खणखणीत की झेरॉक्स काढायला आलेली माणसं काम विसरून उभी राहिली. पंचफुलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनीच सांगितलं की कैलास कामाला गेला आहे, आदिलाबादकडे कापसाच्या जिनिंगवर. जाताना मुकुटबनहून फोन केला होता, शेजारच्यांच्या मोबाईलवर. त्यानंतर नाही. "करन," त्या म्हणाल्या. पण कॅसेट आजच का आणली, ते आम्हाला दोघांनाही कळलं.

काकांनी दोन सीड्या केल्या. "एक आयकाले, एक माह्याजवळ ठेवाले. हरवली त मांगा." त्या कामात त्यांनी जीव ओतला होता. कैलासचा चेहरा पेटीसकट काढला, कडेनं निळ्या झेंड्याची नक्षी काढली, अर्थात निळी नाही, मशीनला एकच काळा रंग यायचा. आणि भोकाजवळ नियमाप्रमाणे नाव. पंचफुलाबाईंनी सीडी पदराला पुसली, काकांनी "बाई, बोट नोका लावू" म्हणून ओरडा केला, आणि त्या हसत एसटीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्या पायरीवर बसलेल्या होत्या.

काकांनी शटर वर केलं. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या. रडल्या नव्हत्या, पण चेहरा पार ओढलेला. पिशवीतून सीडी काढून त्यांनी काकांपुढे धरली.

"भाऊ, खरं सांगजा. तुमाले कोनी सांगतलं?"

"काय सांगतलं?"

"का माहा कैलास गेला."

काकांना काही समजेना. मला समजेना. मग मी सीडी पाहिली. भोकाला वळसा घालून, सुबक, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: कै. मेश्राम.

कैलासचं पहिलं अक्षर. नियमाप्रमाणे.

मी वाचून दाखवायची गरजच पडली नाही. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सीडीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. ज्या मशीनवर त्यांनी परक्याचंही मरण कधी छापलं नव्हतं, त्याच मशीनवर एका आईच्या जिवंत पोराला त्यांनी स्वतःच्या हातानं कै. करून ठेवलं होतं. "नाही बाई, नाही," एवढंच ते म्हणत राहिले. मग मीच सांगितलं की हे नुसतं नावातलं पहिलं अक्षर आहे, जागा कमी होती म्हणून, आम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही.

पंचफुलाबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मले वाटलंच होतं."

शेजारच्या घरी प्लेअर होता. तिथल्या सुनेनं सीडी लावण्याआधी नाव वाचलं आणि किंचाळली. घाटंजीच्या दुकानवाल्यानं छापलं म्हणजे त्याला कुठून तरी कळलंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. बाया गळ्यात पडून रडू लागल्या. गाणं कुणी लावलंच नाही.

"मी बायायले म्हटलं, थांबा वं. आपल्यात मानूस गेला त कालकथित म्हनतेत. कै. आपल्यात कवा लिहिते? हे दुसरंच काही असन. त्याहिले वाटलं, मी येडी झाली. रातभर मी हेच घोकलं, भाऊ. कालकथित नाही लिहिलं. कालकथित नाही लिहिलं."

मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "पन त्याचा फोन त नाहीच ना आला."

हे खरं होतं. आमची चूक कळली म्हणून कैलास सापडला असं नव्हतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर काका उठून पडद्यामागे गेले आणि दुसरी सीडी घेऊन बाहेर आले. छत्रीचं जुनं काळं कापड शोधून त्यांनी ती गुंडाळली. उन्हात ठेवलं तर भाजलेलं चित्र फिकं पडत जातं, म्हणून. मग पायात चपला घातल्या.

"पोरी, दुकान सांभाळजो. मशिनीले कोनाले हात लावू देजो नोको."

"कुठे निघालात?"

"पाह्यतो त्याले, कोठी हाये त."

लग्नाचं शूटिंग सोडलं तर घाटंजीच्या बाहेर पाय न टाकणारा माणूस. मशीन एकटं राहील म्हणून पोळ्याला सासरीसुद्धा न जाणारा. तो हातात एक सीडी घेऊन पांढरकवड्याच्या एसटीत बसला. काकूंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे. घरी बसला असता त जेवला नसता."

पुढचे दिवस मी पडद्यापलीकडे पाहतसुद्धा नव्हते. एक-दोन गिऱ्हाइकं सीडीला आली, त्यांना परत पाठवलं. काकांचा फोन नाही. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता; त्याचाही करंट त्यांना कच्चा वाटायचा बहुतेक. खरं सांगते, मला वाईटच वाटत होतं. कैलास सापडणार नाही, किंवा नको तसा सापडेल, आणि काका पुन्हा कधी त्या मशीनला हात लावणार नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं होतं. त्या वर्षांत मन आधी तिकडेच जायचं.

बाजाराचा दिवस आला. पंचफुलाबाई बाजार करून आल्या, पिशवी पायाशी ठेवून स्टुलावर बसल्या. मी एका मंगल परिणयाची पत्रिका टाइप करत होते. आयुष्मान, आयुष्मती, खाली कालकथित आजोबांचं नाव. तो शब्द आला तेव्हा मी स्क्रीन जरा आपल्याकडे वळवून घेतली, त्यांना वाचता येत नाही हे माहीत असूनही.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला.

"पोरी," पलीकडून काका, "हाये."

"काय आहे?"

"अवं, कैलास. हाये. जेवून राह्यला."

मी नुसता रिसीव्हर पंचफुलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, बोलायची बाजू कानाला. मी पालटवून दिला. पलीकडे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि तो पाहायला मी तिथे होते याचं मला आजही बरं वाटतं.

"जेवतानी कायले बोलतं रे?" त्या दरडावून म्हणाल्या. "जेव आधी. पोट भर आधी, मंग बोल." आणि मग फोन तसाच छातीशी धरून त्या हमसून हमसून रडल्या. पलीकडे काका "हॅलो, हॅलो" करत असणार.

झालं होतं ते अगदीच साधं. कैलासचा मोबाईल चोरीला गेला होता आणि शेजाऱ्यांचा नंबर त्यातच होता. एका ट्रक ड्रायव्हरकडे त्यानं निरोप दिला होता, तो निरोप अजूनही कुठेतरी रस्त्यावरच असेल. काका जिनिंगमागून जिनिंग फिरत होते. गेटवर उभे राहायचे, काळं कापड उघडायचे, सावलीत धरून सीडी दाखवायचे. सीडी पाहून एक वॉचमन म्हणाला, हा तर आमचा रोज संध्याकाळी गाणारा. कैलासला बोलावलं. त्यानं सीडीवर स्वतःचा फोटो पाहिला, नाव वाचलं, आणि काकांना विचारलं, "काका, मले मारून टाकलं काय जी?"

"मंग?" मी काकांना विचारलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हनतो! मले रडूच आलं. तोच मले हॉटेलात घेऊन गेला."

कैलास घरी आल्यावर मायलेक दोघंही दुकानात आले. पंचफुलाबाईंनी ती सीडी आणली होती. काकांनी पडदा बाजूला सारला आणि मला हाक मारली, "पोरी, इकडं ये. आता तू टाइप कर. माह्या हातचं नाही पायजे." मी पहिल्यांदा त्या मशीनसमोर बसले. भोकाजवळ जागा नव्हतीच. मग वहीत राहिलेलं अक्षर भरतात तसं केलं, कै.च्या पुढे खाली एक काकपद आणि वर बारीक अक्षरात: लास.

काकांनी भोकात बोट घालून सीडी उचलली, उपडी करून आत सरकवली आणि तळहात ड्राइव्हवर ठेवला. कैलास त्यांच्यामागे पाय न वाजवता उभा. लाईट जाईल म्हणून आम्ही चौघंही वर लटकलेल्या बल्बकडे बघत होतो. आधी अक्षरांचे पाय आले असतील, मग कंबर, मग शिरोरेघ. लाईट गेली नाही. सीडी बाहेर आली आणि काकांनी ती उजेडात धरली.

"आता वाच, काय म्हनते," ते कैलासला म्हणाले.

"कैलास मेश्राम," कैलासनं वाचलं.

पण काका सीडी देईनात. डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. कै.च्या पुढचं टिंब तसंच होतं.

"बाई, हे टिंब राह्यलं," ते ओशाळून म्हणाले. "भर घालता येते, पन पुसता नाही येत. याचं काही करता नाही येत मले."

पंचफुलाबाईंनी सीडी हातात घेतली. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण टिंब त्यांना बरोबर दिसलं. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं, आणि या वेळी काका ओरडले नाहीत.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "लहानपनी मी त्याले अशीच तीट लावो. आता आमी तीट-नजर काही मानत नाही." त्यांनी कैलासकडे पाहिलं. "पन राहू द्या."